कॅलेंडरवरचा सिलिंडर

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर आई तीन गोष्टी नेमाने लिहिते: दुधाचे खाडे, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या आणि नवा सिलिंडर लावल्याची तारीख. सिलिंडरसाठी नुसतं 'सि.' आणि त्याभोवती गोल. पुढचा सिलिंडर लागला की ती मागची पानं उलटते, बोटांवर दिवस मोजते आणि निकाल देते, "या वेळी सदतीसच दिवस गेला. पाहुणे फार झाले." वर्ष संपल्यावर जुनं कॅलेंडर रद्दीत जात नाही. माळ्यावर अशी अठरा-वीस कॅलेंडरं सुतळीत बांधून ठेवलेली आहेत.

हे पुस्तक त्या गठ्ठ्यातून निघालं. निमित्त आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं. गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत की नाही यावर दीड तास खडाजंगी झाली. वाळवणं कुठे घालायची, टाक्यांची सावली किती पडेल, देखभाल कोण करणार, सगळं झालं. शेवटी तळमजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "पण आपली इमारत वर्षाला मुळात धूर किती करते?" सभा गप्प. मी आयुष्यभर अभियंता म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला उत्तर येत नव्हतं. घरी आलो आणि निदान आपल्या एका घराचं तरी पाहू म्हणून माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आईचा एकेक गोल बेचाळीस-त्रेचाळीस किलोंचा. वर्षाला नऊ गोल, म्हणजे सुमारे ३८० किलो. ज्याला शहरांत 'कार्बन फूटप्रिंट' म्हणतात आणि ज्यासाठी सल्लागार पैसे घेतात, त्यातली एक बाजू आमच्या घरात वीस वर्षं चोख लिहिलेली होती.

हा हिशेब मुलाला दाखवला तर तो हसला. "चौदा किलो गॅसमधून बेचाळीस किलो कसे निघतील? पेट्रोलचंही तू तसंच लिहिलंयस. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत नाही आणि त्यातून म्हणे सव्वादोन किलोंच्या वर वायू." ही शंका हिशेबाला बसणाऱ्या प्रत्येकाला येते, म्हणून तिचं उत्तर इथेच देतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंधन जळतं तेव्हा त्यातल्या कार्बनच्या एका अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचं वजन १२, ऑक्सिजनचं १६. बारातला हा पाहुणा बत्तीस अंगावर घेऊन चव्वेचाळीस होऊन बाहेर पडतो. चव्वेचाळीस भागिले बारा, म्हणजे जवळपास ३.६७ पट. लिटरभर पेट्रोलमध्ये कार्बन असतो साधारण ६४० ग्रॅम, त्याला ३.६७ ने गुणलं की २.३ किलो. बाकीचं वजन हवेतलं. आपण टाकी भरतो तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा माल विकत घेतो, उरलेला आभाळातून फुकट मिळतो, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

विजेचं प्रकरण जरा निराळं. गॅस आपल्या ओट्यावर जळतो, पेट्रोल आपल्या गाडीत. विजेचा धूर आपल्याला दिसतच नाही. पुण्यातल्या खोलीत पंखा फिरतो आणि त्यासाठी कोळसा जळतो चंद्रपूरला, कोराडीला, परळीला. चंद्रपूरच्या एकट्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथल्या उन्हाळ्याबद्दल आणि राखेबद्दल तिथले लोक काय बोलतात ते आम्ही इकडे पंख्याखाली बसून वाचतो. अर्थात आमच्या घरात नेमका कोणत्या केंद्राचा विद्युतप्रवाह आला हे सांगता येत नाही. सगळ्या तारा एका तळ्यासारख्या असतात. त्यात चंद्रपूरही ओततं, कोयनाही ओतते, तारापूरही, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्याही. आपण बादली बुडवली की सगळ्यांचं मिश्रण येतं. म्हणून देशभराची सरासरी धरायची. ती केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत ती युनिटमागे ०.७० ते ०.७३ किलोंच्या दरम्यान राहिली आहे. मी पुस्तकभर ०.७२ धरले आहेत. तारांमधली गळती त्यात नाही, ती मिळवली तर आकडा आणखी चढतो.

आमचं वर्षाचं बिल २,४०० युनिटांचं भरलं. गुणाकार केला: १,७२८ किलो. आईला तो आकडा सांगितला तर ती म्हणाली, "किलोत सांगू नकोस, मला किलो म्हटलं की ज्वारी दिसते. सिलिंडरमध्ये सांग." त्या क्षणी या पुस्तकाला माप मिळालं. एक सिलिंडर म्हणजे ४२.६ किलो. वीज झाली चाळीस सिलिंडर, खुद्द गॅस नऊ. मुलाची स्कूटर महिन्याला बारा लिटर पिते, ती आठ सिलिंडर. वर्षाला चारशे लिटर पेट्रोल खाणारी मोटार साडेएकवीस. एकूण एकोणऐंशी. ज्या सिलिंडरची तारीख घर इतक्या काळजीने लिहीत आलं तो सगळ्या हिशेबाचा जेमतेम नववा हिस्सा निघाला, आणि ज्या बिलाकडे आम्ही फक्त रुपयांसाठी पाहत होतो ते अर्ध्याहून जास्त.

मोजल्यावर अशी उलटापालट होते, आणि मोजायचं ते त्यासाठीच. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांना मी तरी फार भाव देत नाही. कोण कोणापेक्षा किती मोठं, हे कळलं तरी पुरे. मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून ठेवा, असं शाळेतून मुलांना सांगतात. फोन वर्षभर रोज भरला तरी सहा-सात युनिटं लागतात, म्हणजे सिलिंडरचा आठवा-नववा भाग. आणि छताला पंधरा वर्षं फिरणारा जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून तीस वॅटचा नवा लावला, तो दिवसाला बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस फिरला, तर १६२ युनिटं वाचतात. पावणेतीन सिलिंडर, एका पंख्याचे. आमच्याकडे पाच पंखे आहेत. चार्जरवरून मुलांना रागावणारं आणि पंखा घरघरत फिरू देणारं घर मी पाहिलं आहे. त्यात राहतोही.

आता ज्या प्रकरणावरून माझ्याशी सर्वांत जास्त भांडण होणार आहे, त्याची पूर्वसूचना देतो. विजेची शेगडी म्हणजे स्वच्छ आणि गॅस म्हणजे अस्वच्छ, असं आता सरसकट मानलं जातं. गणित करून पाहा. गॅसच्या शेगडीतली साठेक टक्के उष्णता भांड्यात जाते, इंडक्शनची पंचाऐंशीच्या आसपास. इथपर्यंत इंडक्शन पुढे. पण ती वीज कोळशावर तयार होताना दोन-तृतीयांश उष्णता केंद्रातच वाया गेलेली असते. शेवटी तीच आमटी गॅसवर उकळली तर जेवढा वायू निघेल त्याच्या दुपटीहून जास्त इंडक्शनवर निघतो, फक्त तो आपल्या स्वयंपाकघरात निघत नाही. गीझरचंही तेच. एका माणसाच्या अंघोळीचं वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला विजेच्या गीझरमागे सुमारे ३३० ग्रॅम वायू, गॅस गीझरमागे १४० ग्रॅम. गच्चीवर सौर पॅनेल असतील आणि स्वयंपाक दुपारी होत असेल, तर हे सगळं उलटं होईल. देशातली वीज जशी कोळशावरून उतरेल तसंही होईल. तेव्हा मी हे प्रकरण आनंदाने पुन्हा लिहीन. पण आज, आमच्या बिलावर, ते असं आहे. (गॅस गीझर न्हाणीघरात बंद दाराआड लावू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेली आहेत. हे हिशेबाबाहेरचं असलं तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

आमच्या लहानपणी पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि चुलीला वैल होता. भात उतरला की चुलीच्या उरल्या आचेवर वैलात वरण नाही तर दूध सरकवायचं, एका जाळात दोन भांडी. हे सांगितलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत जुन्या दिवसांची ओल येते आणि कुणीतरी म्हणतंच, आपले पूर्वज किती पर्यावरणवादी होते. मला तसं वाटत नाही. लाकडं दुरून डोक्यावरून आणायला लागायची, म्हणून ती जपून जाळायची. आणि त्या धुराने आजीचे डोळे आयुष्यभर लाल राहिले. वैलातली अक्कल मात्र घेण्यासारखी आहे. डाळ भिजवून लावणं, कुकरची शिट्टी झाली की आच मंद करणं, उकळी आल्यावर झाकण ठेवून गॅस बंद करणं, याला कुठलंही यंत्र लागत नाही आणि आईच्या कॅलेंडरवर त्याने तीन-चार दिवस वाढतात.

सगळ्यात मोठा धक्का मला एसीने दिला, आणि तोही विजेमुळे नाही. एसीच्या विजेचा अंदाज होता. उन्हाळ्याचे तीन महिने रात्री आठ तास चालवला तर सातशेच्या आसपास युनिटं, बारा सिलिंडर. पण दर एप्रिलला आपण मेकॅनिकला बोलावतो, तो दोन ठिकाणी हात लावून म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरून देतो," आणि आपण हो म्हणतो, त्या हो म्हणण्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. तो वायू कमी झाला म्हणजे गेला कुठे? हवेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या पुष्कळ यंत्रांत आर-४१०ए नावाचा वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता अडवतो. दीड टनाच्या एसीत तो साधारण किलोभर असतो. तो सगळा निसटला, तर दोन हजार किलोंची भर. सत्तेचाळीस सिलिंडर. आमच्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त, आणि कुठल्याही बिलावर त्याची ओळ नाही. नव्या यंत्रांतला आर-३२ याच्या तिसऱ्या हिश्श्याचा, ६७५ पटींचा, तोही काही कमी नाही. तेव्हा गळती कुठे आहे ते शोधून ती बुजवायला सांगा आणि मगच वायू भरा. जुना एसी भंगारात देताना त्यातला वायू उघड्यावर सोडू देऊ नका. तो परत गोळा करायचं यंत्र असतं. मेकॅनिककडे ते नसेल तर दुसरा मेकॅनिक बोलवा. या एका परिच्छेदासाठी कुणी हे पुस्तक विकत घेतलं तरी माझी हरकत नाही.

खाण्यापिण्याचा हिशेब या पुस्तकात थोडक्यात आहे. दूध आणि तांदूळ यांच्यामागे मिथेन असतो, आणि म्हैस कुणाची, चारा कुठला, शेतात पाणी किती दिवस उभं, यावर आकडे इतके हलतात की आमच्या घराचा अर्धा लिटर दुधाचा हिशेब मी खात्रीने मांडू शकत नाही. ओल्या कचऱ्याचं मात्र खात्रीने लिहिलं आहे. तो डेपोत दाबून कुजला तर मिथेन, कुंडीत हवा लागून कुजला तर खत. पुण्याच्या आरती संस्थेने, आनंद कर्व्यांच्या पुढाकाराने, खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस संयंत्राचा नमुना केला. त्याला २००६ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. माझ्या एका मित्राच्या गच्चीवर तो आहे. त्यावर सकाळचा चहा होतो आणि त्या चहाचं कौतुक आल्या-गेल्याला ऐकून घ्यावं लागतं.

सिमेंटचं प्रकरण पुनर्विकासात अडकलेल्या वाचकांनी आधी वाचावं. चुनखडी भाजली की तिच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीचं इंधन वेगळं. पन्नास किलोंच्या एका पोत्यामागे तीसेक किलो, म्हणजे सिलिंडरचा पाऊण भाग. आमच्या रस्त्यावर चाळीस वर्षांच्या धडधाकट इमारती पाडून नव्या उठताहेत आणि त्यांच्या जाहिरातींत 'हरित' हा शब्द सगळ्यात ठळक छापलेला असतो.

आता एक कबुली. घरोघरी आपापला ठसा मोजावा, ही कल्पना जगभर ज्यांनी पसरवली त्यांत बीपी ही तेल कंपनी पुढे होती. २००४-०५च्या सुमारास तिने जाहिराती केल्या, लोकांना स्वतःचा हिशेब करायला गणकयंत्रं दिली. तेल काढणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला आरसा दाखवायचा, यातला कावा न कळण्याइतका मी भोळा नाही. चंद्रपूरला कोळसा जाळायचा की जैसलमेरला पॅनेल लावायचे, हे आमच्या ओट्यावर ठरत नाही. बसगाड्या किती घ्यायच्या हे महापालिकेत ठरतं, आमच्या मुलाच्या स्कूटरच्या आठ सिलिंडरांपैकी निम्मे त्या निर्णयात आहेत. आम्ही घरात आकडे मांडल्याने ते धोरण बदलत नाही. पण ज्याला स्वतःचा आकडा माहीत असतो त्याला सभेत थापा मारून गप्प बसवता येत नाही, एवढं मी आमच्या सोसायटीत पाहिलं.

पुढच्या सभेत आम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरचं वर्षाचं बिल मांडलं. एक किलोवॉटचं पॅनेल आमच्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, पावसाळ्यात कमी. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत ७८,०००. आकडे समोर आल्यावर भांडण वाळवणांपुरतं उरलं, आणि ते पॅनेलची चौकट उंच करून मिटलं. आता त्यांच्या सावलीत कुर्डया नीट वाळत नाहीत, अशी नवी तक्रार आहे.

आणि हे पुस्तक कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचं बिल मी त्यांच्या परवानगीने पाहिलं. पाच माणसांचं घर, महिन्याला साठ युनिटं, वर्षाला पाच सिलिंडर, येणं-जाणं पायी नाही तर बसने. सगळा हिशेब सतरा सिलिंडर. आमचा चौघांचा एकोणऐंशी. देशाची सरासरी माणशी दोन टन सांगतात, अमेरिकेची चौदाच्या आसपास, आणि आपण त्या दोन टनांच्या आड उभे राहून अमेरिकेकडे बोट दाखवतो. त्या सरासरीत मावशींची पाच माणसं आमची बाजू खाली ओढून धरतात. मावशींनी सतराचे सोळा करावेत असं सांगायला माझी जीभ वळणार नाही. उलट त्यांच्या पत्र्याच्या खोलीत अजून एक पंखा यायला हवा.

पुस्तकाच्या शेवटी बारा महिन्यांचे कोरे तक्ते आहेत, पण ते न वापरता कॅलेंडरच वापरलं तर उत्तम. एक तारखेला मीटरचं रीडिंग, पेट्रोल भरलं की लिटर, सिलिंडर लावला की गोल. हवाई बेटांवर मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगने १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दशलक्ष भागांत ३१५च्या आसपास होता. आज ४२०च्या वर आहे. हे जगाला कळलं ते एकच गोष्ट, एकाच जागी, खाडे न करता मोजत राहिल्यामुळे. आई त्याच जातीची आहे.

विमानाचं प्रकरण मी सर्वांत शेवटी लिहिलं. टाळत होतो, हे खरं. मोठी लेक कॅलिफोर्नियात असते, मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे, आणि आम्हा दोघांना जायचं आहे. मुंबईहून तिथे जाऊन-येऊन माणशी दोन टनांच्या पुढे जातं, किती पुढे ते पद्धतीप्रमाणे बदलतं. दोघांचे मिळून शंभर सिलिंडर. पंखे बदलून, गीझरचा वेळ कमी करून, मोटार चार दिवस घरी ठेवून आम्ही दोन वर्षांत जे कमावलं ते अठरा. तिकिटं काढली आहेत.

नव्या कॅलेंडरवर मार्चच्या त्या चौकोनात आईने 'अमेरिका' लिहिलं होतं. मी खाली पेन्सिलने '१०० सि.' लिहिलं. तिने चष्मा लावून ते वाचलं, मनाशी भागाकार केला आणि म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षांचा स्वयंपाक." जरा वेळ ती तशीच उभी राहिली. मग फेब्रुवारीचं पान उलटून एका चौकोनात लिहिलं: डिंक आणणे, लाडवांसाठी.